काशीला जायचं, पण कधी?

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. पत्र लिहिणारी भगिनी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. घरी सासूबाई, यजमान आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी आयुष्यात एकच हट्ट धरलाय, एकदा काशी पाहायची.

ती लिहिते, “यजमान म्हणतात, मे महिन्यात मुलांना सुट्टी आणि मला रजा, तेव्हाच उरकून घेऊ. सासूबाई म्हणतात, जायचं तर श्रावणात. नणंदबाई म्हणतात, नाताळच्या सुट्टीत थंडीचं जा, उन्हाचा त्रास नको. मला काय वाटतं ते अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्हीच सांगा, केव्हा जावं?”

मैत्रिणींनो, पत्र वाचलं आणि पोळ्या टाकायच्या राहून गेल्या. कारण हा प्रश्न मी वेळेवर कुणाला विचारला नव्हता.

१९९६ सालची गोष्ट. आमच्या सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, काटक बाई. काशीला जायचं ठरलं ते मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात. मी मनात म्हटलं, ऊन काय आपल्याकडे नसतं? जळगावचा उन्हाळा माझ्या माहेरचा. दशम्या केल्या, लोणच्याची बरणी बांधली आणि निघालो. पहिल्या दिवशी संध्याकाळी गंगेचं दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या रांगेला अकरा वाजले. चपला बाहेर काढलेल्या, खालची फरशी तव्यासारखी तापलेली आणि वरून वारा असा की भट्टीचं तोंड उघडावं. तिथे त्याला ‘लू’ म्हणतात. सासूबाईंचा त्या दिवशी उपास होता. पाणीही त्या घोटघोटच घेत होत्या, कारण मध्येच बाहेर जावं लागलं तर सोय कुठे, ही आपल्या सगळ्या बायकांची काळजी. दुपारी खोलीवर आलो तेव्हा त्यांचं अंग तापलेलं होतं आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं होतं. डॉक्टर आले, सलाईन लावलं. पुढचे तीन दिवस त्या खाटेवर आणि मी उशाशी ओल्या कपड्याच्या घड्या बदलत. गंगा खोलीपासून पाच मिनिटांवर होती.

परतीच्या गाडीत त्या मला म्हणाल्या, “तू गं कशाला तोंड पाडतेस? पुन्हा येऊ आपण.” ते पुन्हा काही आलं नाही. दोन वर्षांनी त्या गेल्या. देवघरातला गंगेचा गडू पुसताना आजही वाटतं, सहा महिने थांबलो असतो तर!

असो. आपल्यावर जी वेळ आली ती दुसरीवर येऊ नये, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आपलं ऊन वेगळं, तिथलं वेगळं

शाळेत भूगोलात कर्कवृत्त शिकलो होतो, आठवतंय ना? साडेतेवीस अंशांवरचं. आपला सगळा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला. काशी त्याच्या उत्तरेला, साधारण सव्वापंचवीस अंशांवर, म्हणजे उपोष्ण कटिबंधात. शिवाय समुद्रापासून पुष्कळ आत. समुद्राजवळच्या गावाला पाण्याचा आधार असतो, तिथे हवा एकदम तापत नाही आणि एकदम गारही पडत नाही. गंगेच्या मैदानातली जमीन मात्र लवकर तापते आणि तितक्याच लवकर थंड होते. म्हणून एकाच शहरात मे महिन्यात दुपारचा पारा सरासरी चाळीस अंशांवर असतो, कधी पंचेचाळीसच्याही वर जातो, आणि जानेवारीत पहाटे तोच आठ-नऊ अंशांवर, एखाद्या दिवशी त्याहूनही खाली उतरतो. मुंबई-पुण्याच्या हिशेबानं तिथल्या ऋतूंचा अंदाज बांधला की फसगत ठरलेली.

आणखी एक बारीक गोष्ट. काशी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच दिवस संपतो. गंगेची आरती सूर्यास्ताच्या सुमारास असते, म्हणजे हिवाळ्यात लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा. हे माहीत नसलं की आपण सहा वाजता चहा पिऊन आरामात घाटावर जातो आणि तिथे आरती निम्मी झालेली असते.

यजमानांचा मे महिना

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन काशीला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दी त्या मानानं कमी असते, खोल्या स्वस्त मिळतात, हे खरं. गाडीनं दारात उतरून थंड खोलीत बसायचं असतं तर एक वेळ चाललंही असतं. पण काशी ही चालण्याची यात्रा आहे. गोदौलियाच्या चौकापाशी वाहनं थांबतात, पुढे आपले पाय. घाटाच्या पायऱ्या दगडी आणि घाट पूर्वाभिमुख, म्हणजे सूर्य उगवला की ऊन थेट तोंडावर. त्या दिवसांत गंगाही आटून आत सरकलेली असते आणि पलीकडे वाळूचं मोठं पात्र उघडं पडलेलं असतं.

नाइलाजानं जावंच लागलं, कुणाच्या अस्थी न्यायच्या असल्या, तर पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर एवढाच वेळ बाहेर पडायचं. मध्ये सक्तीची विश्रांती. मीठ-साखरेचं पाणी, कैरीचं पन्हं, सातूचं पीठ जवळ हवं. आणि वयस्कर माणसाला त्या दिवसांत उपास करू देऊ नका. देव रागावणार नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर!

जूनमध्ये तिथला लंगडा आंबा मात्र ऐन भरात असतो. पण आंब्यासाठी जायचं की सासूबाईंसाठी, हे आधी ठरवायला हवं.

सासूबाईंचा श्रावण

पाऊस साधारण जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत राहतो. वर्षाचा सुमारे हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक याच काळात. आपल्या कोकणापुढे हे काहीच नाही म्हणाल, पण प्रश्न पावसाचा नाही, नदीचा आहे. वरच्या सगळ्या मुलखाचं पाणी घेऊन गंगा येते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाट बंद होते, होड्या बांधून ठेवतात, आरतीसुद्धा वरच्या गच्चीवर करावी लागते. १९७८ सालच्या सप्टेंबरात तर पाणी ७३.९ मीटरपर्यंत चढलं होतं, धोक्याची पातळी ७१.२६ मीटर असताना. २०१६ मध्येही मोठा पूर आला होता. ज्या पायऱ्यांवर बसून गंगा पाहायची, त्या पायऱ्याच पाण्याखाली, मग कसली काशी?

त्यात श्रावणी सोमवारची गर्दी. आणि इथे आपल्या बायकांची एक हमखास चूक होते, ती नीट वाचून ठेवा. माझ्या नणंदबाई २०१८ साली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेल्या. कॅलेंडर पाहून गेल्या होत्या, बरं का! आपल्याकडे तेव्हा आषाढ वद्य पक्ष चालू होता. त्यांचा हिशेब असा की श्रावण लागायच्या आत दर्शन उरकायचं. स्टेशनावर उतरतात तो सगळीकडे भगवे कपडे घातलेले कावडवाले आणि मैलभर रांग. कारण तिथे ‘सावन’ केव्हाच लागला होता!

याचं कारण असं. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून प्रत्येक वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक पाऊल असतो. आपला आषाढ वद्य पक्ष म्हणजे त्यांचा श्रावण. कोजागरी झाली की दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्तिक लागतो, आपला मात्र दिवाळीच्या पाडव्याला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच. सणाची तिथी एकाच दिवशी येते, फरक फक्त महिन्याच्या नावात. आपण ज्याला माघ वद्य चतुर्दशी म्हणतो ती महाशिवरात्र त्यांच्या पंचांगात फाल्गुनातली. तेव्हा काशीचा बेत ठरवताना आपल्या कॅलेंडरवर पंधरा दिवसांचा हा फरक पेन्सिलनं लिहून ठेवा.

सासूबाईंना ‘श्रावणात नको’ असं तोंडावर म्हणू नका. वाईट वाटेल. त्यांना कार्तिक सुचवा. काशीत कार्तिकाचं महत्त्व श्रावणाहून तसूभरही कमी नाही. एकनाथ महाराजांनी आपलं भागवत पूर्ण केलं ते काशीतच, शके १४९५ म्हणजे १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेला. हे सांगितलंत की सासूबाईंचा अर्धा हट्ट तिथेच विरघळेल.

नणंदबाईंचा नाताळ

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत काशीत कडाक्याची थंडी आणि दाट धुकं. गंगेच्या मैदानात ओल भरपूर, वारा पडलेला आणि रात्री लांब, त्यामुळे धुकं जमिनीला चिकटून बसतं. कधी कधी दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. पहाटे होडीत बसून सूर्योदय पाहायची हौस असेल तर या दिवसांत निराशाच पदरी येते. समोरची होडी दिसायची मारामार, सूर्य कुठला! गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमानं रद्द होतात. वयस्कर माणसाला घेऊन थंडीत रात्रभर फलाटावर बसणं म्हणजे आजाराला निमंत्रण. देवळात अनवाणी चालायचं, संगमरवर बर्फासारखा. सांधे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

शिवाय मकर संक्रांत, मौनी अमावास्या, वसंत पंचमी, माघी पौर्णिमा या प्रयागच्या स्नानांच्या पर्वण्या. प्रयागला गेलेला माणूस काशीला आल्याशिवाय राहत नाही. २०२५च्या महाकुंभात काशीच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती.

हिवाळ्याचं एक सुख मात्र सांगायलाच हवं. ‘मलइयो’ नावाचा दुधाच्या फेसाचा पदार्थ. आटवलेलं दूध रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा केशरी फेस काढतात. मातीच्या कुल्हडात मिळतो आणि जिभेवर ठेवताच नाहीसा होतो. थंडी पडल्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंतच मिळतो, एरवी कितीही पैसे दिलेत तरी नाही.

मग चांगले दिवस कोणते?

वर्षात दोनच खिडक्या आहेत.

पहिली, त्रिपुरी पौर्णिमेनंतरची. पौर्णिमा उलटून दोन दिवस गेले की तिथपासून डिसेंबरच्या दहा-बारा तारखेपर्यंत. दुपारी पारा सत्तावीस-एकोणतीस, पहाटे बारा-पंधरा. आकाश निवळलेलं, पाणी उतरून पायऱ्या धुतलेल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर ओसरलेला असतो, पण घाटांवर गाळाचे थर असतात आणि ते धुवायला पुष्कळ दिवस लागतात. ओल्या गाळावर पाय घसरला तर वयस्कर माणसाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून दसऱ्याची घाई नको.

दिवाळीच्या सुट्टीत का नको, असं तुम्ही विचाराल. मनात आलं तर जाऊ शकता. धनत्रयोदशीपासून अन्नकुटापर्यंत अन्नपूर्णेच्या सुवर्णमूर्तीचं दर्शन होतं, ते वर्षात त्याच दिवसांत. पण दिवाळीच्या आधी मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत मुंगीला शिरायला जागा नसते आणि कार्तिक शुद्ध षष्ठीच्या छठपूजेनंतर हाच लोंढा परत फिरतो. त्रिपुरी पौर्णिमेला देवदिवाळी. सगळे घाट दिव्यांनी उजळतात. दृश्य स्वर्गीय खरं, पण खोल्यांचे भाव गगनाला भिडतात आणि पायऱ्यांवर माणसावर माणूस. गुडघे दुखणाऱ्या बाईनं तो सोहळा चित्रातच पाहिलेला बरा.

दुसरी खिडकी महाशिवरात्र झाल्यावर चार दिवसांनी उघडते आणि फाल्गुन शुद्ध दशमीला बंद होते. एकादशीला तिथे ‘रंगभरी’, त्या दिवसापासून रंग सुरू, आणि बनारसची होळी बायकामाणसांनी लांबूनच पाहावी अशी. हवा मात्र सुरेख. माझ्या आईला मी २०१२ साली याच दिवसांत नेलं होतं. सकाळी एक स्वेटर, दुपारी तो पिशवीत. रोज पहाटे आम्ही मायलेकी अहिल्याबाईंच्या घाटावर बसायचो. आई जपाची माळ ओढायची आणि मी नुसती पाण्याकडे पाहत बसायची. सासूबाईंची आठवण आली नाही असा एकही दिवस गेला नाही.

मुलं दहावी-बारावीला असतील, तर ही दुसरी खिडकी परीक्षांमुळे तुमच्यासाठी बंदच समजा.

नाशिकच्या भगिनीला उत्तर

तेव्हा ताई, तुम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा आठवडा धरा. शाळा चार दिवस बुडेल. बुडू द्या. मुख्याध्यापकांना अर्ज लिहा, गृहपाठ बरोबर घ्या. नाहीतर नणंदबाईंना प्रेमानं विचारा, चार दिवस भाचरांना सांभाळाल का? सल्ला त्यांनी दिलाच आहे, हातभारही लावतील. यजमानांना सांगा, मे महिन्यातली रजा थोडी नोव्हेंबरकडे ढकला.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. कॅलेंडरवर आजच खूण करा. नाशिकरोडहून थेट गाड्या आहेत, जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. फॉर्मवर सासूबाईंचं वय बिनचूक लिहा, म्हणजे खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते.

मुक्काम पाच दिवसांचा ठेवा, तीनचा नको. पहिला दिवस निव्वळ विश्रांतीचा. खोली घाटापासून फार लांब नको आणि वरच्या मजल्यावर तर नकोच. विश्वनाथाच्या दर्शनाला सोमवार टाळा. १३ डिसेंबर २०२१ रोजी देवळाभोवतीच्या नव्या प्रशस्त आवाराचं उद्घाटन झालं, तेव्हापासून बाराही महिने गर्दी वाढली आहे. मोबाईल, पिशव्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून सासूबाईंची गोळी आणि खोलीचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या कमरेच्या पिशवीत ठेवा. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास पुन्हा उभं केलं, हे मुलांना रांगेतच सांगा, रांग लवकर सरेल.

सामानात सासूबाईंसाठी एक लोकरीचा स्वेटर, कानटोपी, मोज्यांचे तीन जोड (देवळात मोजे भिजतात), हातात काठी, गुडघ्याचा पट्टा. स्नान करायचंच असेल तर साधं सुती लुगडं न्या, रेशमी किंवा जड साडी ओली झाली की पायऱ्या चढताना पायांत घोटाळते. खायला दशम्या, मेतकूट, गोडा मसाला घातलेली डाळ-तांदळाची भाजकी खिचडी. पाणी उकळून गार केलेलंच द्या.

आणि आता तुमच्याविषयी. पत्रात तुम्ही सगळ्यांची इच्छा लिहिलीत, स्वतःची लिहिली नाहीत. मे महिन्यात गेलात तर तुमची काशी म्हणजे आजाऱ्याची उशी आणि ओल्या घड्या. मी ती काशी पाहिली आहे. चांगला ऋतू निवडायचा तो सासूबाईंसाठी तर खराच, पण तुम्हालाही एक पहाट पायरीवर स्वस्थ बसता यावं म्हणून. एका सकाळी सासूबाईंना यजमानांच्या हवाली करा आणि तासभर एकट्या जाऊन बसा. कुणी विचारलं तर सांगा, पत्रातल्या बाईंनी सांगितलंय.

आल्यावर मात्र मला पत्र लिहा. आणि त्यात सासूबाई काय म्हणाल्या ते आवर्जून लिहा.